चंद्रावरचा ठिपका आणि खुले दप्तर

७ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास चांद्रयान-२ मोहिमेतील ‘विक्रम’शी असलेला संपर्क तुटला, तेव्हा तो चंद्रपृष्ठापासून अवघ्या दोन किलोमीटरांच्या आसपास होता. त्यानंतरचे काही आठवडे ‘विक्रम’ उभा आहे की आडवा, शाबूत आहे की विखुरलेला, या तर्कवितर्कांना ऊत आला. अमेरिकेच्या ‘नासा’चे एक यान २००९ पासून चंद्राला प्रदक्षिणा घालीत आहे. त्याने १७ सप्टेंबरला त्या प्रदेशाची छायाचित्रे टिपली, आणि २६ सप्टेंबरला ‘नासा’ने ती जगासाठी खुली केली. ‘विक्रम’ कोठे पडला हे त्यांत ओळखता येत नाही, हेही संस्थेने स्वच्छपणे सांगून टाकले.

चेन्नईतील षण्मुग सुब्रमण्यन हे पेशाने अभियंते. कोणत्याही वेधशाळेशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी ही छायाचित्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतली, त्याच जागेची पूर्वीची छायाचित्रे शेजारी मांडली आणि दोन्ही तुकड्यातुकड्याने ताडून पाहण्यास आरंभ केला. अशा कामात प्रतिभेपेक्षा चिकाटीची कसोटी अधिक लागते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांना किंवा जमाखर्चाच्या वह्यांतील एका रुपयाची चूक रात्र रात्र शोधणाऱ्या कारकुनांना ती कसोटी वेगळी समजावून सांगायला नको. अखेरीस नव्या छायाचित्रात त्यांना एक पांढुरका ठिपका दिसला. जुन्यात तो नव्हता. त्यांनी ‘नासा’ला कळविले. तेथील शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अधिक चांगल्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे पडताळली आणि डिसेंबरच्या प्रारंभी शोध मान्य केला. मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येस पडलेला तो ‘विक्रम’चा तुकडा होता. जाहीर केलेल्या निवेदनात षण्मुग यांचे नाव होते.

या घटनेवर ‘इस्रो’ची प्रतिक्रिया अशी होती की, आपल्या प्रदक्षिणा यानाने हे स्थान आधीच हुडकले आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. त्या यानावरील कॅमेरा तर पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपू शकतो, म्हणजे ‘नासा’च्या कॅमेऱ्याहून सरस. परंतु ती छायाचित्रे त्या वेळी लोकांपुढे आलेली नव्हती. चांद्रयान-२ ची शास्त्रीय सामग्री सार्वजनिक होऊ लागली ती डिसेंबर २०२० मध्ये. मोहीम भारताची, पैसा भारतीय करदात्याचा, शोधणारा भारतीय, आणि दप्तर मात्र परक्याचे उघडे, असा हा विचित्र योग होता. अपयशाच्या दिवसांत सरकारी खात्याचा हात कपाटाच्या कुलपाकडे जातो, ही सवय जुनी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुखरूप उतरले, तेव्हा छायाचित्रांचा ओघ सुरू व्हायला वेळ लागला नाही, हेही नमूद करायला हवे.

दप्तर खुले केल्याने काय साधते, याचा मोठा प्रयोग जुलै २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला होता. ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे सामान्य लोकांसमोर ठेवली गेली. प्रश्न साधा होता : ही दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल? हे ओळखण्यात तेव्हाच्या यंत्रांपेक्षा माणसाचा डोळा तरबेज होता. पहिल्या वर्षभरात दीड लाखांहून अधिक लोकांनी ५ कोटींवर उत्तरे दिली. हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधील शाळेत शिकवणाऱ्या बाईंना एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. हे काय आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि तज्ज्ञांपाशी उत्तर नव्हते. तो वायूचा अवाढव्य ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील प्रखर तेज एव्हाना मंदावले आहे. पण पूर्वी निघालेल्या त्याच्या प्रकाशाने ढग अद्याप उजळलेला दिसतो. त्यावरील शोधनिबंधाच्या लेखकांत या बाईंचेही नाव आहे.

खुलेपणाला किंमत पडतेच. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी नेहमीच्या तापमानाला व दाबाला विजेचा अवरोध शून्य होईल असा पदार्थ सापडल्याचा दावा करणारा निबंध, तज्ज्ञांच्या छाननीपूर्वीच जगापुढे ठेवला. चार दिवसांत अवघे जग पदार्थविज्ञानाचे पंडित झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ करून पाहण्यात आला, आणि काही आठवड्यांतच दाव्याचा फुगा फुटला. गोंधळाचे मूळ पदार्थातील तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीत होते. क्रांतीची वार्ता उत्साहाने पुढे धाडणाऱ्यांपैकी कितींनी हा खुलासाही धाडला, हा प्रश्न न विचारलेला बरा.

उलट बाजूचे उदाहरण मात्र जिवाशी निगडित आहे. शांघायमधील झांग योंगझेन यांच्या पथकाने नव्या करोना विषाणूची जनुकीय संहिता उलगडली होती. त्यांच्या संमतीने ऑस्ट्रेलियातील सहकारी एडवर्ड होम्स यांनी ११ जानेवारी २०२० रोजी ती खुली केली. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणे’साठी बंद ठेवण्याचा हुकूम आला. तोवर संहिता जगभर पोचली होती, आणि १६ मार्चला अमेरिकेत लसीची पहिली चाचणी-मात्रा माणसाला टोचली गेली.

शोधनिबंध वाचायला मिळणे ही आपल्याकडे मात्र अजून ऐपतीची बाब आहे. भौतिकशास्त्रातील निबंध १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ या भांडारात विनामूल्य मिळतात. अन्य अनेक विषयांत नियतकालिकांची वर्गणीच डोळे पांढरे करते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. पाऊल स्वागतार्ह आहे. पण या संस्था केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील आहेत, आणि महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा मोठा भार खासगी शिक्षणसंस्थांनी वाहिला आहे. तेथील प्राध्यापकाने कोणाच्या दारी जावे, याचे उत्तर योजना आखणाऱ्यांनी लवकर दिले पाहिजे.

नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या आकाशाच्या पाहणीतून तयार झालेले नकाशे २०१६ मध्ये सर्वांना खुले करण्यात आले. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते चाळले आणि २०१८ मध्ये सुमारे १२ अब्ज प्रकाशवर्षे दूरची, तोवर ज्ञात असलेल्यांत सर्वांत लांबची रेडिओ दीर्घिका शोधून काढली. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला शाळकरी मुलांची रीघ लागते. अँटेना पाहून मुले एस.टी.त बसतात आणि परततात. लायडनमध्ये चाळले गेलेले ते नकाशे जुन्नर तालुक्यातील शाळेच्या संगणकावरही दमडी न मोजता उघडतात.