विश्लेषण : उपवासाच्या दिवशी मधुमेहाच्या गोळीचे काय? राजूरमधला प्रश्न औषधनिर्माण परिषदेत कसा मांडता येईल?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर तेथील गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. साडेतीन गणेशपीठांपैकी एक अशी या स्थानाविषयी श्रद्धा असून अंगारकी चतुर्थीला येथे भाविकांची मोठी गर्दी होते. त्यांतील अनेकांचा दिवसभर उपवास असतो आणि तो चंद्रदर्शनानंतर सुटतो. या भाविकांमधील मधुमेही त्या दिवशी सकाळची गोळी घेतात, टाळतात की रात्रीवर ढकलतात? मेडिकलच्या काउंटरवर सहज निघणाऱ्या या प्रश्नावर औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी संशोधन करू शकतो आणि त्याचा ॲबस्ट्रॅक्ट परिषदेत मांडू शकतो. त्यासाठी काय करावे लागते, याचा हा आढावा.

प्रश्न महत्त्वाचा का?

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी घेऊन पोट रिकामे ठेवल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास उपवास मोडून तत्काळ साखर किंवा ग्लुकोज घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला, गोळी टाळून साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली तर साखर वाढते. त्यामुळे उपवासाआधी गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारणे गरजेचे असते. पण किती जण विचारतात? संशोधनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

असे संशोधन जगात झाले आहे का?

रमजानच्या रोजांबाबत झाले आहे. २००१ मध्ये १३ देशांत ‘एपिडायर’ हा अभ्यास झाला. त्यात १२ हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती घेण्यात आली. टाइप २ मधुमेहात साखर गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण रमजानच्या महिन्यात सुमारे साडेसात पट झाल्याचे त्यात दिसले. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींना काय सल्ला द्यावा, या चर्चेला त्याने आकड्यांचा आधार दिला. चतुर्थीचा उपवास एका दिवसाचा आणि वेगळ्या रीतीचा असतो. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे राजूरला लावता येत नाहीत. इथली माहिती इथेच गोळा करावी लागते.

हे काम कोण करू शकते?

भारतात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम ‘फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया’च्या २००८ च्या नियमावलीनुसार चालतो. त्यासाठी किमान ३०० खाटांचे रुग्णालय जोडलेले असावे लागते. पाचव्या वर्षी दोन ते चार विद्यार्थ्यांच्या गटाला शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सहा महिन्यांचा प्रकल्प करावा लागतो. सहावे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सीचे असते. त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि प्रत्येकी दोन महिने इतर तीन विभागांत काम करावे लागते. अमेरिकेत फार्म. डी.नंतर वेगळी रेसिडेन्सी असते. तिथले रेसिडेंट वर्षभराचा प्रकल्प हाती घेतात आणि वसंत ऋतूतील विभागीय परिषदांमध्ये तो मांडतात. आपल्याकडे इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेस हे मोठे व्यासपीठ आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिचे ७२ वे अधिवेशन नागपुरात भरले होते. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतही वैद्यक आणि औषधनिर्माण हा स्वतंत्र गट असतो.

सुरुवात कुठून करायची?

प्रश्न लहान करण्यापासून. ‘उपवास आणि मधुमेह’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘चतुर्थीचा उपवास करणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींपैकी किती जण त्या दिवशी स्वतःहून गोळीची वेळ किंवा मात्रा बदलतात?’ हा प्रश्न. त्याचे उत्तर मोजता येते.

इथे पहिली अडचण ‘उपवास’ या शब्दाचीच. कुणाचा निर्जळी असतो, कुणी फक्त फळे आणि दूध घेतो, तर कुणी खिचडी, भगर, शेंगदाणे असा दोन वेळचा फराळ करतो. या तिघांना एकाच रकान्यात टाकले तर आकड्यांना अर्थ उरत नाही. म्हणून दिवसभरात काय आणि किती वाजता खाल्ले, हे विचारायलाच हवे.

प्रश्नावली मराठीत असावी आणि लोकांच्या बोलीतली असावी. ‘हायपोग्लायसेमियाचा अनुभव आला का?’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ‘घाम सुटून हातपाय थरथरले का?’ याला मिळेल. पांढरा ॲप्रन घातलेल्याने ‘गोळी घेता ना?’ असे विचारले की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘मागच्या चतुर्थीला सकाळची गोळी किती वाजता घेतली?’ असे विचारल्यास खरी माहिती मिळण्याची शक्यता वाढते.

माहिती कुठे गोळा करायची, हेही आधी ठरवावे लागते. दर्शनाच्या रांगेत विचारले तर तिथवर येऊ शकणारेच भेटतात. ज्यांना मागच्या वेळी चक्कर आली, ते कदाचित घरीच असतात. मेडिकलवर विचारले तर औषध विकत घेणारेच भेटतात, सरकारी दवाखान्यातून गोळ्या नेणारे सुटतात. कोणतीही जागा निर्दोष नसते. आपली जागा कोणती होती आणि तिथे कोण सुटले, हे सांगणे मात्र बंधनकारक आहे.

परवानगी कोणाची लागते?

माहिती गोळा करण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. काम झाल्यावर ती मागून चालत नाही. माणसांवरील संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत सगळे समजावून संमती घ्यावी लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना साक्षीदार हवा. नाव आणि मोबाइल क्रमांक पोस्टरवर येणार नाहीत, हे उघड आहे. पण गाव लहान असेल तर वय, व्यवसाय आणि गल्ली एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. असे तपशील एकत्र देणे टाळावे लागते.

मुलाखतीदरम्यान कुणी गेल्या चतुर्थीला बेशुद्ध पडल्याचे सांगितले, तर ती केवळ नोंद म्हणून सोडता येत नाही. त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय आधीच ठरवून ठेवावी लागते.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये काय असते?

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे संपूर्ण कामाचा साधारण २५० ते ३०० शब्दांचा गोषवारा. तो पाहूनच परीक्षक काम स्वीकारायचे की नाही ते ठरवतात. शब्दमर्यादा परिषदेनुसार बदलते आणि ती ओलांडलेली चालत नाही. परिषदेच्या काही महिने आधी तो पाठवावा लागतो. त्याचे ठरलेले भाग असे :

पार्श्वभूमी : प्रश्न का पडला, दोन वाक्यांत.

उद्देश : नेमके काय मोजायचे होते, एका वाक्यात.

पद्धत : कुठे, कधी, कोणाला, किती जणांना आणि कसे विचारले.

निरीक्षणे : मिळालेले आकडे. सर्वाधिक जागा यालाच द्यावी.

निष्कर्ष : आकड्यांतून जेवढे निघते तेवढेच.

नवखे विद्यार्थी पार्श्वभूमीवर निम्मे शब्द खर्च करतात. मग निरीक्षणांत ‘निकाल परिषदेत मांडले जातील’ एवढेच उरते. काही परिषदा अपूर्ण काम स्वीकारतात, पण त्यासाठी वेगळा गट असतो. तशी सोय नसेल तर असा ॲबस्ट्रॅक्ट नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

टक्केवारीसोबत मूळ संख्या द्यावी. केवळ उदाहरण म्हणून, ‘१२० पैकी ४२ जणांनी, म्हणजे ३५ टक्के’ असे लिहावे. नुसते ‘३५ टक्के’ लिहिले तर विचारलेले २० होते की २ हजार, हे कळत नाही.

सर्वांत मोठी चूक कोणती?

निष्कर्षात उडी मारण्याची. एकदाच विचारपूस केलेल्या अभ्यासातून ‘उपवासामुळे साखर घसरते’ असे म्हणता येत नाही. तसे म्हणायला साखर मोजायला हवी आणि उपवास न करणाऱ्यांशी तुलनाही हवी. ‘उपवास करणाऱ्यांपैकी इतक्या जणांनी डॉक्टरांना न विचारता गोळी बदलल्याचे सांगितले,’ एवढेच या कामातून निघते. ते कमी नाही. मेडिकलवर गोळ्या देताना ‘चतुर्थी धरता का?’ असे विचारायला तेवढे कारण पुरेसे आहे.

सादरीकरण कसे करावे?

ते पोस्टर किंवा तोंडी स्वरूपात असते. पोस्टरसमोर परीक्षक काही मिनिटेच थांबतात. त्यामुळे मुख्य आकडा दोन पावलांवरून वाचता यावा. तोंडी सादरीकरणाला साधारण आठ-दहा मिनिटे मिळतात आणि मग प्रश्न विचारले जातात. परिषदेचे काम इंग्रजीत चालते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना धास्ती बहुधा त्याचीच असते. पण पाठ केलेले भाषण पहिल्याच प्रश्नाला तुटते. छोट्या वाक्यांत आपले काम दुसऱ्याला समजावून सांगण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो. हेच पैसे भरून विषय माहीत नसलेल्या मित्राला सांगावे आणि तो कुठे अडतो ते पाहावे.

‘एवढेच लोक का घेतले?’, ‘उपवास न करणाऱ्यांना का विचारले नाही?’ हे प्रश्न येणारच. ‘वेळ आणि माणसे मर्यादित होती, पुढच्या टप्प्यात तुलना गट घेता येईल’ हे सरळ उत्तर परीक्षकांना पटते. सारवासारव लगेच लक्षात येते.

परिषदेनंतर काय?

बऱ्याचदा काम तिथेच थांबते. परिषदांतील तीन लाखांहून अधिक ॲबस्ट्रॅक्टचा मागोवा घेणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, त्यांतील सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले. अनुकूल निकाल आलेल्या कामांना ही संधी अधिक मिळाली. म्हणजे ‘फरक दिसला नाही’ असे सांगणारे प्रामाणिक काम अनेकदा फायलीतच राहते.

प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या उपयोगाचे असते. पण माहिती ज्यांनी दिली, त्यांच्यापर्यंत ती परत जायला हवी. निकालांचा एक पानी मराठी सारांश गावातील डॉक्टर आणि मेडिकल चालकांना देता येतो. पुढच्या अंगारकीआधी तो पोहोचला, तर गोळ्या नेणाऱ्या माणसाला वेळेवर सल्ला मिळू शकतो.