कुंडीतील नाताळवृक्ष

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेल्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटातील फुलबाजार प्रसिद्ध आहे. परंतु सणासाठी नेलेली फुले दोन दिवसांत कोमेजतात. कुंडीतील नाताळवृक्ष मात्र वर्षानुवर्षे सोबत करतो. आपल्याकडे या कामी येणारा ॲरॉकेरिया हा खरा पाइन नव्हे. त्याची एक प्रसिद्ध जाती प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटाची. त्यास खिडकीलगतचा भरपूर उजेड हवा. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. तळाशी पाणी साचल्यास मुळे कुजतात. झाड उजेडाकडे झुकू नये म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी. सजावट हलकी असावी. शेंडा मात्र कधीही खुडू नये. तो गेला की झाडाचा डौल गेलाच. सणानंतर उन्हाची सवय हळूहळू लावावी, म्हणजे पुढील नाताळातही तोच वृक्ष घराची शोभा वाढवील.