वळकटीतला मंगळ

प्रवाशाची वळकटी बाकाखाली सहज मावते. पण ती उलगडताच तिला सारा बाक अपुरा पडतो. संगणकावरील संक्षेपित चित्रांची गत अशीच आहे.

२००६ साली मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या ‘मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटर’ या अमेरिकी यानावर ‘हायराइज’ नावाचा कॅमेरा बसविलेला आहे. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून त्याने टिपलेल्या चित्रातला एकेक बिंदू म्हणजे मंगळावरची जेमतेम ३० सेंटिमीटर भूमी. अशा एका चित्रात रुंदीला २०,००० आणि लांबीला ४०,००० बिंदू असू शकतात. म्हणजे एकूण ८० कोटी. संक्षेपामुळे फाइल आटोपशीर दिसते खरी. परंतु चित्र उघडताना साधी प्रणाली प्रत्येक बिंदू उलगडून संगणकाच्या स्मृतीत मांडू पाहते. बिंदूमागे २ बाइट धरले तरी १६० कोटी बाइट झाले. वर प्रणालीने कामासाठी एखादी प्रत काढली, की जागा दुप्पट लागली. स्मृती भरली, की उरलेला भार साठवणीकडे ढकलला जातो. साठवण स्मृतीहून पुष्कळच मंद. म्हणून यंत्र जागच्या जागी खिळून बसते.

वस्तुतः ही सारी मांडामांड अनाठायी असते. सामान्य पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २० लाख बिंदूच मावतात. हे ओळखूनच ‘जेपीईजी २०००’ या पद्धतीची रचना झाली. तीत चित्र पायरीपायरीने साठवितात; प्रत्येक पायरीस लांबी-रुंदी निम्मी होते. पाच पायऱ्या उतरल्या, की तेच चित्र ६२५ गुणिले १,२५० बिंदूंचे होते आणि क्षणार्धात उघडते. मग त्यातले एखादे विवर निवडावे. तेवढ्याच भागाचे बारकावे फाइलीतून वाचले जातात. जाड ग्रंथाची अनुक्रमणिका पाहून नेमके पान उघडावे, तसे हे आहे. मात्र त्यासाठी अशी अंशतः वाचन करणारी प्रणाली हवी. हायराइजच्या शास्त्रज्ञमंडळाने ‘हायव्ह्यू’ नावाची अशी प्रणाली तयार करून विनामूल्य दिली.

ही चित्रे सर्वांना खुली आहेत. ती पाहण्यास मोठी यंत्रे लागतात, असे मानले तर ती प्रयोगशाळांपुरतीच उरतील. कोणता भाग किती बारकाईने पाहावयाचा, एवढे आधी ठरविणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या साध्या संगणकावरही मंगळावरची वाळूची टेकडी न्याहाळता येते. वळकटी सबंध सोडण्याची गरज नाही; हवे तेवढेच टोक उलगडावे.