घामाचे शास्त्र

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात बॉयलरपाशी आणि उसाच्या फडात घामाने निथळणारी माणसे पाहिली, म्हणून शरीरशास्त्राची पुस्तके उघडली. त्या शिदोरीवरचे हे चार शब्द.

कृष्णाकाठ हा तालमींचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. तेव्हा आखाडा इथे कुणाला नवा नाही. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जोर काढू लागताच पैलवानाच्या कातडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगत नाहीत, उलट किंचित आकसतात. रक्त स्नायूंना हवे असते. मग थोड्या वेळाने चित्र पालटते. स्नायूंत जळणाऱ्या अन्नातला फार तर चौथा हिस्सा कामी येतो, बाकी सारी उष्णता. रक्त तापते, मेंदूला ते कळते, आणि त्याच वाहिन्या रुंदावतात. स्वस्थ बसल्या वेळी कातडीतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरते. कडक उष्म्यात ते सहा-सात लिटरवर जाऊ शकते. विसावलेल्या हृदयाचा सगळा पुरवठा पाच लिटरचा, हे लक्षात घ्यावे! रक्त उष्णता कातडीपर्यंत आणते आणि घाम ती उडवून लावतो. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मात्र तो वाळला तर. नुसता टपकलेला घाम वाया गेला.

आता तंटा असा, की रक्त एकच आणि हक्कदार दोन, स्नायू आणि कातडी. घामावाटे पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते, आणि कात्री लागते ती कातडीच्या वाट्याला. उष्णता आत कोंडते. उष्माघाताची वाट हीच. ऊसतोडणीची मजुरी टनावर असते. पाण्याला थांबणे म्हणजे मजुरी बुडवणे. म्हणून मोळी उचलणारी बाई तहान मारते. ‘सवय होते हो त्यांना,’ असे आम्हांला ऐकवले जाते. सवय होते, खरे आहे: आठ-पंधरा दिवसांत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो. पण पाण्याची गरज त्याने कमी होत नाही, वाढते. आणि ते पहिले आठ दिवस नव्या माणसाने काढायचे कसे? त्या आठवड्यात हलके काम, जवळ पाणी आणि सावली, एवढेच आमचे मागणे असते.

नित्य व्यायामाचा लाभ निराळा. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्याने त्या सैलावतात. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. वयाबरोबर ही क्षमता उतरते, व्यायाम करणाऱ्यांत ती अधिक टिकते. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्या पेन्शनर मंडळींनी मात्र वर पोचताच एकदम उभे राहू नये. रक्त रुंदावलेल्या वाहिन्यांत आणि पायांत साठते, डोक्याला कमी पडते आणि चक्कर येते. चार पावले रेंगाळत चालावे, मग बसावे.