एका चित्रपटाची तीस वर्षे

पालघर किंवा बोईसरहून रेल्वेने मुंबईला निघाले, की दादरनंतर थोड्याच वेळात मुंबई सेंट्रल हे स्थानक येते. स्थानकाच्या बाहेर एसटीचे मोठे आगार आहे. त्याच्याजवळ एक जुने, भव्य चित्रपटगृह उभे आहे. त्याचे नाव 'मराठा मंदिर'. हे चित्रपटगृह 1958 साली सुरू झाले.

20 ऑक्टोबर 1995 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, येथे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा हिंदी चित्रपट लागला. त्या काळी एखादा चित्रपट 25 आठवडे चालला, तर त्याचा रौप्यमहोत्सव साजरा होत असे. 50 आठवडे झाले, तर सुवर्णमहोत्सव. 1975 साली आलेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. 'दिलवाले'ने तोही विक्रम मोडला. 12 डिसेंबर 2014 रोजी त्याने मराठा मंदिरात एक हजार आठवडे पूर्ण केले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला तीस वर्षे झाली, तरी त्याचा रोजचा एक खेळ चालूच होता.

मित्रांनो, एका साध्या प्रेमकथेला एवढे दीर्घ आयुष्य कसे लाभले? असा चित्रपट तयार कसा होतो? आणि आपण तो कसा पाहावा? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण शोधू या.

प्रथम कथा पाहू. बलदेव सिंग हे लंडनमध्ये दुकान चालवणारे एक पंजाबी गृहस्थ आहेत. सिमरन ही त्यांची मोठी मुलगी. तिचे लग्न त्यांनी पंजाबातील आपल्या मित्राच्या मुलाशी ठरवून टाकले आहे. लग्नाआधी सिमरन मैत्रिणींबरोबर युरोपच्या सहलीला जाते. तेथे तिची राजशी ओळख होते आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम जडते. वडिलांना हे कळताच ते सर्व कुटुंबाला घेऊन पंजाबात परततात. राजही तेथे पोहोचतो. पण सिमरनला पळवून नेण्यास तो नकार देतो. तिच्या वडिलांनी आपल्या हाताने तिला निरोप द्यावा, असा त्याचा हट्ट असतो. शेवटी, सुटलेल्या गाडीकडे पाहत वडील मुलीचा धरलेला हात सोडतात.

कथा एवढीच आहे. पण पडद्यावर ती उभी करण्यासाठी शेकडो माणसांचे हात लागले. दिग्दर्शक आदित्य चोप्रा यांचा हा पहिलाच चित्रपट. त्या वेळी ते अवघे 24 वर्षांचे होते. दिग्दर्शक म्हणजे उर्दूत हिदायतकार. कथा दृश्यांत मांडणे, कलाकारांना अभिनय समजावणे, कॅमेरा कोठे ठेवायचा हे ठरवणे ही सारी त्यांची जबाबदारी असते. पात्रांच्या तोंडी जी वाक्ये येतात त्यांना संवाद म्हणतात. उर्दूत आपण त्यांना मुकालमे म्हणतो. या चित्रपटाचे संवाद आदित्य चोप्रा आणि जावेद सिद्दिकी यांनी मिळून लिहिले. जावेद सिद्दिकी हे मुंबईत उर्दू पत्रकार म्हणून काम केलेले लेखक. या संवादांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपटाला एकूण दहा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

गाणी आनंद बक्षी यांनी लिहिली आणि जतीन-ललित या भावांनी त्यांना संगीत दिले. हिंदी चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. मग चित्रीकरणाच्या वेळी ते ध्वनिक्षेपकावर वाजवतात आणि कलाकार त्यावर फक्त ओठ हलवतात. यालाच पार्श्वगायन म्हणतात. 'दिलवाले'मध्ये सिमरनची भूमिका काजोलने केली आणि तिच्यासाठी लता मंगेशकर गायल्या. चित्रपट आला तेव्हा काजोल 21 वर्षांची होती आणि लताबाई 66 वर्षांच्या होत्या! तरीही तो आवाज सिमरनचा नाही, असे प्रेक्षकाला क्षणभरही वाटत नाही.

लताबाईंची एक गोष्ट तुम्हांला विशेष जवळची वाटेल. त्यांची मातृभाषा उर्दू नव्हती. त्या नव्याने गाऊ लागल्या होत्या, तेव्हा मुंबईच्या लोकल गाडीत त्यांची दिलीपकुमार यांच्याशी भेट झाली. ही मुलगी महाराष्ट्रीय आहे हे कळल्यावर दिलीपकुमार यांनी तिच्या उर्दू उच्चारांविषयी शंका व्यक्त केली. लताबाईंनी ते बोल मनावर घेतले आणि एका मौलवींकडे उर्दूचे धडे गिरवले. पुढे त्यांच्या गाण्यातील 'ख' आणि 'ग' कानांना किती शुद्ध वाटतात, हे तुम्ही स्वतः ऐकून पाहा. एका मराठी मुलीने उर्दू शिकून घेतली आणि साऱ्या देशाने तिचे गाणे ऐकले. आज तुम्ही उर्दू शाळेत मराठी शिकत आहात. वाट तीच आहे, फक्त दिशा वेगळी.

चित्रपटात जे दिसते ते सर्वच तेथे नसते. 'दिलवाले'चा शेवटचा प्रसंग पंजाबातील एका रेल्वे स्थानकावर घडतो. प्रत्यक्षात तो आपल्या कोकणात चित्रित झाला. ते स्थानक म्हणजे रायगड जिल्ह्यातील आपटा. आपल्या वसई रोडहून दिवा-पनवेलमार्गे रोह्याकडे जो लोहमार्ग जातो, त्यावरच पनवेलच्या पुढे हे स्थानक लागते. हिरव्या डोंगरांच्या कुशीतील या स्थानकाला कॅमेऱ्याने पंजाबात नेऊन ठेवले. शिवाय प्रसंग ज्या क्रमाने आपण पाहतो त्या क्रमाने ते चित्रित होत नाहीत. जागा आणि कलाकार यांच्या सोयीने तुकड्यातुकड्यांनी चित्रीकरण होते. नंतर संकलक ते तुकडे जोडतो. शिंपी जसे बाह्या, गळा, पाठ वेगवेगळी कापतो आणि मग सदरा शिवतो, तसेच हे काम आहे.

प्रेमकथेसाठी किती कष्ट घ्यावे लागतात, याचे आणखी मोठे उदाहरण याच मराठा मंदिराने पाहिले आहे. 5 ऑगस्ट 1960 रोजी येथे के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' प्रथम प्रदर्शित झाला. सलीम आणि अनारकली यांची ही कहाणी तुम्हांला ठाऊक असेल. इम्तियाज अली ताज यांनी 1922 साली तिच्यावर 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले होते. चित्रपटाची तयारी 1940 नंतरच्या दशकात सुरू झाली. मध्येच देशाची फाळणी झाली आणि चित्रपटाला पैसा पुरवणारे गृहस्थ पाकिस्तानात गेले. काम थांबले. पुढे नवे कलाकार आले, शापूरजी पालनजी यांनी पैसा पुरवला आणि काम पुन्हा सुरू झाले.

शीशमहालाचा देखावा अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभारला होता. भिंतीभर आरसे! दिवे लावताच त्यांचा प्रकाश आरशांवरून परतून थेट कॅमेऱ्यात शिरे आणि चित्र खराब होई. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा प्रकाश सरळ न टाकता कापडावरून परतवून घेतला, तेव्हा कोठे चित्रीकरण जमले. गाण्याला महालातील घुमणारा आवाज हवा होता. त्यासाठी संगीतकार नौशाद यांनी लताबाईंना स्टुडिओच्या स्नानगृहात गायला उभे केले, असे सांगतात. पडद्यावर हे गाणे काही मिनिटांत संपते. त्यामागचे श्रम मात्र आपल्याला दिसत नाहीत.

या दोन चित्रपटांत 35 वर्षांचे अंतर आहे. एकात हत्ती, घोडे आणि तख्त. दुसऱ्यात विमान, रेल्वे आणि लंडनचे दुकान. पण दोन्हींचा गाभा एकच आहे. तरुण मनाची इच्छा आणि वडीलधाऱ्यांचा शब्द यांतील झगडा! 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर बाप असूनही बादशहा म्हणून निकाल देतो. 'दिलवाले'मध्ये बलदेव सिंग अखेर दिलेला शब्द बाजूला ठेवतात आणि बाप म्हणून निर्णय घेतात. हा झगडा घराघरांत असतो. म्हणूनच अशा कथा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही आपल्या वाटतात.

आता 'दिलवाले' इतकी वर्षे का चालला, ते पाहू. पहिले कारण म्हणजे तो सहकुटुंब पाहता येणारा होता. 1994 साली आलेल्या 'हम आपके हैं कौन'ने कुटुंबांना पुन्हा चित्रपटगृहाकडे वळवले होते. 'दिलवाले'ला त्या बदललेल्या हवेचा लाभ झाला. दुसरे कारण गाणी. ती ध्वनिफितींवरून गावोगाव पोहोचली. आजही आपल्या भागात हळदीला किंवा मेहंदीच्या रात्री ती हमखास वाजतात. तिसरे कारण तिकीट. मराठा मंदिराने या खेळाचे दर मुद्दाम कमी ठेवले. आणि चौथे कारण जागा. समोर रेल्वे, शेजारी एसटी. गाडीला तीन-चार तास अवकाश असलेला प्रवासी, सुटीचा दिवस मिळालेला कामगार, मुंबई पाहायला आलेले पाहुणे असे सगळे तेथे येऊन बसतात. काहींना तर संवाद पाठ असतात. पडद्यावरील पात्राच्या आधी ते बोलून मोकळे होतात!

फेब्रुवारी 2015 मध्ये हा खेळ बंद झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा लोक हळहळले. त्यांची मागणी पाहून थोड्याच दिवसांत तो पुन्हा सुरू करण्यात आला. 2020 साली करोनाच्या साथीत सगळीच चित्रपटगृहे बंद होती. ती उघडली आणि राज-सिमरनही परत आले. चित्रपट निर्माता तयार करतो, पण त्याला आयुष्य देतो तो प्रेक्षक.

हिंदी चित्रपटाने आणखी एक काम केले आहे. आपल्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाहा. उत्तर प्रदेशचा कामगार, ओडिशाचा कामगार, जवळच्या पाड्यावरील वारली तरुण आणि आपल्या गावचा कोकणी मुसलमान एकाच कारखान्यात काम करतात. प्रत्येकाची घरची बोली वेगळी. तरी जेवणाच्या सुटीत ते गप्पा मारतात. ज्या बोलीत मारतात ती बरीचशी चित्रपटांनी आणि त्यांतील गाण्यांनी त्यांच्या कानी घातलेली असते. तिच्यात हिंदी असते, उर्दू असते आणि अधूनमधून मराठीही असते.

मात्र चित्रपट आवडला म्हणून त्यातील सारेच स्वीकारावे असे नाही. 'दिलवाले'च्या आरंभी रेल्वेच्या डब्यात राज सिमरनच्या मागे लागतो. ती नको म्हणते, तरी तो तिची थट्टा करतो. 1995 साली प्रेक्षक त्यावर खळखळून हसले. आज अनेकांना तो प्रसंग खटकतो, आणि ते योग्यच आहे. डहाणूच्या लोकलने आपल्या कितीतरी बहिणी रोज शाळा-कॉलेजला आणि कामाला जातात. फलाटावर कोणी त्यांच्या मागे लागला, तर ते प्रेम नसते, तो छळ असतो. मुलीची इच्छा नसताना तिचा वारंवार पाठलाग करणे हा 2013 पासून आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. पडद्यावरील मुलगी शेवटी हसते, कारण तसे आधीच लिहिलेले असते. खऱ्या आयुष्यातील मुलीसाठी असे कोणी लिहून ठेवलेले नसते. ती नाही म्हणाली, की तेथेच थांबायचे असते.

आणखी एक प्रश्न काही लोक विचारतात. राज वडिलांची संमती मागतो हे ठीक. पण सिमरनचे मत कोणी विचारले का? चित्रपटातच याचे उत्तर शोधण्यासारखा एक प्रसंग आहे. सिमरनची आई तिला आपली कहाणी सांगते. भावांना शिकता यावे म्हणून तिचे शिक्षण थांबवले होते. आपल्या मुलीवर अशी वेळ येऊ देणार नाही, असे तिने मनाशी ठरवले होते. आणि आता तीच आई मुलीला सुखाचा त्याग करायला सांगते आहे. हा प्रसंग गाण्यांइतका गाजला नाही. पण ज्या घरात एखाद्या मुलीचे नाव दहावीआधी शाळेतून काढण्याचा विचार चालू असेल, त्या घराने तो अवश्य पाहावा.

मित्रांनो, चित्रपट जरूर पाहा. त्यातील गाण्यांचा आनंद घ्या. पण पाहताना स्वतःला विचारा : हे कोणी लिहिले असेल? कोठे चित्रित केले असेल? हे खऱ्या आयुष्यात असेच घडेल का? असे प्रश्न विचारल्याने आनंद कमी होत नाही, उलट समज वाढते.

स्वाध्याय

1. 'दिलवाले'चा शेवटचा प्रसंग प्रत्यक्षात कोठे चित्रित झाला?
2. लता मंगेशकर यांनी उर्दूचे धडे का घेतले?
3. शीशमहालाच्या चित्रीकरणात कोणती अडचण आली? ती कशी दूर झाली?
4. 'दिलवाले' दीर्घकाळ चालण्याची चार कारणे लिहा.
5. वाक्यात उपयोग करा : तोंडात बोटे घालणे, धडे गिरवणे, मनावर घेणे.
6. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा व त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा.
7. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील पटलेली एक गोष्ट आणि न पटलेली एक गोष्ट आठ-दहा ओळींत लिहा.