आंबा बंद करण्याचा दिवस

पहाटे 5:15

रात्री गडगडलं आणि अर्धा तास चांगला पाऊस झाला. देवगडात मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर असा पाऊस झाला की आंब्याचा हंगाम संपत आला असं समजायचं. मान्सून तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो खरा, पण त्या हिशेबावर विसंबून चालत नाही. 2025 साली तो 25 मेलाच देवगडपर्यंत आला होता. उजाडायच्या आधी मी बॅटरी घेऊन कलमांखाली फिरते. पडलेली फळं किती, ओली किती, झाडावर उरलेली कशी दिसतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही.

पावसानंतरच्या हापूसवर माझा विश्वास नाही. दमट हवेत फळमाशी वाढते. ती तयार फळाच्या सालीत अंडी घालते, आणि काढताना त्याची खूण म्हणून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तर दिसतो. करप्याचंही तसंच, काळे डाग पिकताना वर येतात. इथून निघताना फळ देखणं असतं आणि चौथ्या दिवशी पुण्यात पेटी उघडते तेव्हा आतून अळी निघते. बागेत रक्षक सापळे लावलेले आहेत, त्यांचा उपयोगही होतो, पण पाऊस लागल्यावर सापळ्यांच्या भरवशावर कोणाचे पैसे घेऊ नयेत.

काका झेला घेऊन खालच्या वाफ्यात उभे होते. मला बघून एवढंच म्हणाले, "खाली पडलेलो आंबो लोकांका पाठवू नको, बाय."

"नाय काका, आज बंदच करतंय."

6:30

मांगरात आढी मोजायची. पेंढ्यावर एकेक थर, मध्ये पुन्हा पेंढा, आणि बाजूला खडूने तोडणीची तारीख. खालचे थर पिवळे होत आलेत, वरचे अजून हिरवट आहेत. एकेक फळ उचलून देठाकडून वास घ्यायचा, खांदे भरलेत का बघायचं, मऊ लागलं तर वेगळं ठेवायचं. हे काम संगणकावर होत नाही, आणि संगणकावर जो आकडा टाकायचा तो इथूनच यावा लागतो.

आज आढीत 64 डझन निघाले. त्यातले 41 डझन आधीच विकलेले आहेत, फक्त पाठवायचे बाकी आहेत. 10 डझन मी बदलीसाठी राखते. साका बाहेरून कळत नाही, फळ कापल्यावरच तो पांढरट भाग दिसतो, आणि गिऱ्हाइकाने फोटो पाठवला की दुसरं फळ द्यायलाच हवं. हंगामाच्या शेवटी तर साक्याचं प्रमाण वाढतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही साका नसलेली जात काढली, ती चांगलीही आहे, पण पेटी मागवणाऱ्याला हापूसच हवा असतो. उरले 13 डझन. तेवढे गावात, कणकवलीत आणि नेहमीच्या माणसांत जातील. थोडक्यात, ऑनलाइन विकायला आता आंबा नाही.

झाडावर आहे तो? तो आमरसाला आणि घरी.

7:45

लॅपटॉप उघडला. लोकांना वाटतं ऑनलाइन धंदा म्हणजे फोटो टाकायचे, भाव लिहायचा आणि ऑर्डरी घ्यायच्या. माझ्या मते दुकान लावण्याइतकंच ते वेळेवर उतरवणंही महत्त्वाचं आहे, आणि ते कोणी शिकवत नाही. त्याचा एक क्रम मी ठरवून घेतलाय.

आधी जाहिराती. फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात वेगळी चालते, आंबा संपलाय हे तिला आपोआप कळेलच असं नाही. माल बंद करून जाहिरात तशीच ठेवली तर पैसे जातात आणि नवीन माणूस रिकाम्या पानावर येऊन निराश होतो. म्हणून पहिलं बटण तिथलं.

मग साठा. एक डझन, दोन डझन, पाच डझनांची लाकडी पेटी, या तिन्ही एकाच आंब्याच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. एकीत शून्य घातला म्हणून दुसरीत होत नाही. तिन्हींत शून्य घालायचा, पान पुन्हा उघडून बघायचं, आणि मग लिस्टिंग थांबवायची.

थांबवायची म्हणजे काय, इथे नवीन विक्रेत्यांची गडबड होते. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतली एक मुलगी विचारायला आली होती, तिला मी तीन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. पहिली, साठा शून्य करणं. पान लोकांना दिसत राहतं, फक्त 'उपलब्ध नाही' असं येतं. आठवड्याभरात माल परत येणार असेल तर हेच बरं. दुसरी, लिस्टिंग बंद करणं. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी ती निष्क्रिय यादीत जाऊन बसते, गिऱ्हाइकाला आपल्याकडून विकत घेता येत नाही, पण आपला कोड, मजकूर, फोटो सगळं जागेवर राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू करता येतं. हंगामी मालाला हीच पद्धत योग्य. तिसरी, डिलीट. डिलीट केलं की तो कोड आपल्या यादीतून जातो, त्याच्यामागचा आपला विक्रीचा इतिहासही जातो. स्वतःच्या वेबसाइटवर तर पानच नाहीसं होतं. लोकांनी आवडीने लिहिलेले अभिप्राय गेले, गुगलवर कमावलेली जागाही गेली. जो माल पुन्हा कधीच विकायचा नाही, त्यालाच डिलीट.

'सुट्टीवर' अशीही एक सोय असते. ती मी मेमध्ये वापरत नाही, कारण ती एका वस्तूपुरती नसते, सगळं खातंच थांबवते. आंबा संपला म्हणून कोकम आगळ, काजूगर आणि आमरसाचे डबे का थांबावेत? ती सोय गणपतीच्या दिवसांत कामाची, तेव्हा पॅकिंगला घरात माणूसच नसतो.

9:00

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग. तिथे वस्तू लपवता येते, डिलीट करायची गरज नाही. लपवली, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन ओळी पाठवल्या: पाऊस लागला, हापूस थांबवला, ज्यांच्या ऑर्डरी आहेत त्यांच्या पेट्या आज-उद्या निघतील.

लगेच उत्तरं यायला लागतात. "एक तरी डझन बघा ना, मुलगी जूनमध्ये येतेय." अशा वेळी नाही म्हणायला जीव होत नाही. तरी नाहीच म्हणते.

9:40

पॅकिंग. इथे लिहिण्यासारखं फार नाही, हात चालवायचे असतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं आहेत ना, पेंढा कोरडा आहे ना, लेबल बरोबर पेटीवर लागलं ना, बस.

एक मात्र सांगते. आम्ही आंबा एका झटक्यात बंद करत नाही. पिनकोडाप्रमाणे मागे येतो. लांबचा माल सगळ्यात आधी थांबवायचा: दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बंद केले. मग नागपूर, हैदराबाद. शेवटी उरतात मुंबई, पुणे, कोल्हापूर, जिथे पेटी दोन-तीन दिवसांत पोचते. फळ चार दिवस टिकणार असेल आणि प्रवास पाच दिवसांचा असेल, तर त्या पिनकोडला 'डिलिव्हरी उपलब्ध' दाखवणं ही फसवणूक आहे, मग भाव कितीही योग्य असो. आज तेही तीन बंद झाले.

दुपारी 12:50

ज्याची धास्ती असते तेच झालं. सकाळी पावणेआठला बंद केलेल्या आंब्याची ऑर्डर साडेबाराला आली, ठाण्याहून, दोन डझन, पैसे भरलेले. असं होतं. बंद केल्याची नोंद सगळीकडे पोचायला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही तास. कोणाच्या मोबाइलवर पान आधीच उघडं असतं, कोणाच्या कार्टमध्ये कालपासून पेटी पडलेली असते.

मी मेसेज करत बसत नाही, फोन करते. पलीकडे बाई होत्या.

"ताई, वेबसाइटवर तर दिसतोय आंबा."

"हो, तुमच्याकडे पान जुनं उघडलंय. पण पाऊस झालाय, आता फळ पाठवणं बरोबर नाही. पैसे आजच परत करते. राखून ठेवलेल्यातली एक डझन आहे, पावसाआधीची तोडणी, ती चालेल का?"

चालली. एका डझनाचे पैसे परत, एक डझन बदलीच्या साठ्यातून. बदलीचे आता नऊ.

हा फोन मी सभ्यपणा म्हणून करते, पण त्यामागे रोकडा हिशेबही आहे. अ‍ॅमेझॉनवर माल पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. वर गेलं तर खातंच अडचणीत येतं. आंब्याच्या चार ऑर्डरी मेमध्ये रद्द झाल्या तर त्याची झळ जुलैतल्या आगळाला बसते, कारण खातं एकच. शिवाय कायदाही आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणे माल सदोष निघाला, जाहिरातीत सांगितला तसा नसला किंवा ठरलेल्या वेळेनंतर पोचला, तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पैसे शेवटी परत द्यायचेच आहेत, मग सडलेली पेटी मुंबईपर्यंत फिरवून कशाला द्यायचे?

दुपारी 3:15

जेवण झालं. आता बाकीच्या मालाची यादी. पावसाने फक्त आंबाच जात नाही.

आंब्याची साठं उन्हावर वाळतात. ऊन गेलं की नवीन साठं नाहीत. आत्ता जेवढी तयार आहेत तेवढाच आकडा घातला आणि बाजूला लिहिलं, संपली की लिस्टिंग बंद, पुढच्या एप्रिलपर्यंत. कोकमाचंही तेच, झाडावरचं पिकलेलं फळ पहिल्या पावसात गळतं आणि सोलं वाळायला ऊन लागतं. आगळ मात्र बाटल्यांत भरलेलं आहे, ते चालू राहील. तळलेले गरे चालू. काजूगर चालू.

एक वस्तू मात्र आज खरोखर डिलीट केली. लोणच्याची प्लॅस्टिकच्या बरणीतली जुनी नोंद. आता लोणचं काचेच्या बरणीत येतं, निव्वळ वजन वेगळं, कमाल किंमत वेगळी. पॅकबंद मालाच्या या गोष्टी लिस्टिंगवर बरोबर दिसाव्या लागतात, 1 जानेवारी 2018 पासून ते ऑनलाइन विक्रीलाही बंधनकारक आहे. जुनी नोंद तशीच राहिली की कधीतरी कोणीतरी तिच्यावरून मागवतं. डिलीट करण्याआधी त्या कोडवर पाठवायची एकही ऑर्डर बाकी नाही हे बघितलं, मजकूर आणि फोटो एका फोल्डरमध्ये उतरवून घेतले, मगच बटण दाबलं.

संध्याकाळी 5:30

कुरियरची गाडी गेली. चहा घेताना मी एक काम दर वर्षी करते, 'देवगड हापूस' असं टाकून बघते, कोणाकोणाचा आंबा चालू आहे. बघून राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही.

आमच्या पंचक्रोशीतल्या बागा थांबल्या की काही पानं आणखी जोरात चालू होतात. फोटो कोकणातल्या पेटीचा, आतला आंबा दुसऱ्या राज्यातला. कर्नाटकचा हापूस वाईट नाही, जुन्नरचा हापूस जूनमध्ये येतो आणि त्याला त्याची चव आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो. आपापल्या नावाने विकावा, कोणाची हरकत नाही. पण 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था त्यासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी एक होती. आता तर संस्थेने फळावर लावायचं वेगळ्या क्रमांकाचं सीलही आणलंय, ते तपासता येतं. एवढं करूनही जूनच्या अखेरीला 'ताजा देवगड हापूस' म्हणून लिस्टिंग चालू असेल, तर ते गिऱ्हाइकाशी आणि इथल्या बागायतदाराशी खोटं बोलणं आहे. अशा दोन पानांची तक्रार नोंदवली. तक्रारीत राग लिहून उपयोग होत नाही. पानाचा फोटो, तारीख आणि मानांकनाचा मुद्दा, एवढंच लिहायचं.

रात्री 8:30

दिवसाचा ताळा. परत दिलेले पैसे, बाजारपेठेने कापलेलं कमिशन, त्यांच्याकडून कापला जाणारा जीएसटीचा टीसीएस, जो 10 जुलै 2024 पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. हे आज मांडलं तर आज कळतं, जूनमध्ये सगळं एकत्र मांडायला बसलं की कुठल्या पेटीचे पैसे परत गेले ते आठवत नाही.

शेवटी वेबसाइटवरच्या पानाचा मजकूर बदलला. नुसतं 'उपलब्ध नाही' वाचून माणसाला वाटतं दुकान बुडालं. म्हणून लिहिलं: 'पाऊस सुरू झाल्यामुळे या वर्षीचा हापूस थांबवला आहे. नवा आंबा मार्चअखेरपासून. नाव आणि पिनकोड नोंदवून ठेवा, पहिल्या तोडणीला कळवू.' गेलेल्या पेट्यांपैकी कोणाची फळं खराब निघाली तर कुठे फोटो पाठवायचा, तेही खाली लिहिलं. आंबा विकायचं बंद झालं तरी विकलेल्या आंब्याची जबाबदारी अजून आठ-दहा दिवस आमच्यावर आहे.

वाचणाऱ्यांना एक विनंती. पाऊस लागल्यानंतर कोणी देवगडचा हापूस देऊ केला, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बाग कुठल्या गावात, तोडणी कोणत्या तारखेची, आणि सीलचा क्रमांक काय. खऱ्या बागायतदाराला यांची उत्तरं द्यायला मिनिटही लागत नाही. आणि ज्याने "आता आंबा नाही, मार्चमध्ये या" असं सांगितलं, त्याचा नंबर जपून ठेवा.