जुन्या पिकअपच्या बॉनेटला गॅस शॉकर बसवताय? आकडा न बघता घेतलेला शॉकर बॉनेट वाकवतो, नाहीतर डोक्यावर पाडतो

जुनी पिकअप ज्यांच्याकडे आहे त्यांना बॉनेटच्या सळईचं दुखणं माहीत असतं. तिची क्लिप तुटलेली असते, बॉनेटमधलं भोक झिजून मोठं झालेलं असतं. मग कुणी काठीचा टेकू लावतो, कुणी टॉमी. माळरानावर वारा सुटला किंवा कुणाचा धक्का लागला की पत्रा सरळ मानेवर. ऑइल बघायला वाकलेल्या माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही.

त्यामुळे हल्ली बरेच जण जुन्या गाडीच्या बॉनेटला डिकीसारखे गॅस शॉकर बसवून घेतात. पुण्यात तेव्हाच्या टेल्कोने १९८८ मध्ये बाजारात आणलेली टाटामोबाइल २०६ असो की तिच्यानंतरच्या पिकअप, ज्यांचं बॉनेट काचेकडच्या बिजागरीवर मागे उचलतं त्यांना हे काम जमतं. जोडी काही शे रुपयांपासून मिळते आणि काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण भंगारातून मिळेल ती जोडी आणून वेल्डिंगने चिकटवली, तर सळई बरी होती म्हणायची वेळ येते.

जुन्या विलीस पद्धतीच्या जीपवाल्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे जोडायला सुरुवात केलेल्या त्या जीपचं बॉनेट उलटं होऊन थेट काचेच्या चौकटीवर टेकतं. तिथे शॉकर लावला तर बॉनेट उलट कमीच उघडेल.

नळीच्या आत काय असतं?

गॅस शॉकरमध्ये स्प्रिंग नसते. बंद नळीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो आणि थोडं तेल असतं. दांड्याच्या टोकाला बारीक भोक असलेला पिस्टन असतो. त्या भोकातून वायू दोन्हीकडे जातो, म्हणून दोन्ही बाजूंना दाब सारखाच. पण एका बाजूला दांड्याने जागा अडवलेली असते, तेवढ्या जागेवर वायूचा जोर कमी पडतो, आणि त्या फरकामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो.

हा दाब किती असतो ते बघा. ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचं क्षेत्रफळ होतं साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर. त्यातून ३० किलोचा जोर मिळवायचा तर आत दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो दाब लागतो. पिकअपच्या टायरमधल्या हवेच्या हा पंधरा-वीस पट झाला. म्हणून शॉकर उघडायचा नाही, तापवायचा नाही आणि तो जागेवर असताना शेजारी वेल्डिंग करायचं नाही.

नळीवर एक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी 'एन' हे अक्षर छापलेलं असतं. ते न्यूटन. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा जोर. १८० न्यूटनचा शॉकर म्हणजे १८ किलोचा. आकडा पुसला गेला असेल तर दुकानदार काहीही सांगो, तो माल घेऊ नये.

किती जोराचा घ्यायचा?

इथेच बहुतेक जण फसतात. "जास्त ताकदीचा घे, टिकेल," असं म्हणून हॅचबॅक गाडीच्या डिकीचे शॉकर आणतात. ते बऱ्याचदा बॉनेटच्या गरजेपेक्षा फार ताकदीचे असतात. असा शॉकर बॉनेट बंद करताना पत्रा मधून वाकवतो, बिजागरी पिळतो आणि लॉकवर रात्रंदिवस ताण ठेवतो.

हिशेब घरच्या घरी होतो. धान्याची गोणी तोलायचा टांगता काटा आणा. आधी बिजागऱ्यांना ग्रीस करा, नाहीतर त्यांचा जामपणाही वजनात धरला जाईल. मग लॉक सोडून बॉनेटची पुढची कड काट्याला अडकवा आणि एक-दोन इंच उचला. समजा काटा १२ किलो दाखवतो आणि बिजागरीपासून त्या कडेपर्यंत बॉनेट १०० सेंटिमीटर लांब आहे. १२ गुणिले १०० म्हणजे १२००. हा झाला बॉनेट आडवं असतानाचा भार.

बॉनेट वर उचललं की हा भार कमी होतो. ६० अंशांपर्यंत उघडलं तर निम्मा, म्हणजे ६०० उरतो. आता उघड्या स्थितीत शॉकरची सरळ रेघ बिजागरीपासून किती लांबून जाते ते मोजायचं. मोजताना पट्टी त्या रेघेला काटकोनात धरायची. समजा हे अंतर २० सेंटिमीटर भरलं. ६०० भागिले २० म्हणजे ३० किलो. दोन शॉकर असतील तर प्रत्येकी १५ किलो, म्हणजे १५० न्यूटन. शॉकर जुना होईल तसा जोर उतरतो, थंडीतही उतरतो, म्हणून १५-२० टक्के वर धरून १७५ ते १८० न्यूटनची जोडी घ्यायची. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

थंडीचा मुद्दा हलका समजू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की शॉकरचा जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होतो. निफाडसारख्या भागात हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली जातो. उन्हाळ्यात काठोकाठ पुरलेला शॉकर तिथे जानेवारीच्या पहाटे बॉनेट सोडून देऊ शकतो, आणि दूध किंवा भाजी घेऊन निघणारा माणूस बॉनेट उघडतो ते नेमकं पहाटेच.

वापरलेला शॉकर घ्यायचाच असेल तर घरातला वजनकाटा सोबत न्या. काट्यावर लाकडी फळी ठेवा, शॉकरचा दांडा खाली करून तो उभा धरा आणि वरून सरळ दाबा. दांडा आत सरकायला लागला की काटा जो आकडा दाखवेल तोच त्याचा जोर. जोडीतले दोन्ही सारखे यायला हवेत. तेलकट दांडा किंवा त्यावर ओरखडा दिसला तर तो शॉकर तिथेच ठेवून यायचं. दाबताना शॉकर निसटू शकतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

जागा ठरवताना

भोक पाडण्याआधी लाकडाच्या दोन पट्ट्या घ्या. एकमेकींवरून सरकतील अशा त्या धरा आणि शॉकरच्या जागी लावून बॉनेट उघडझाप करून बघा. बॉनेट पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं असताना दोन टोकांमधलं अंतर किती, ते लिहून ठेवा. शॉकर पूर्ण दाबल्यावर जेवढा होतो, त्यापेक्षा बंद स्थितीतलं अंतर किमान १० मिलिमीटर जास्त हवं. हे अंतर कमी पडलं तर बॉनेट बंद करताना सगळा दणका शॉकरच्या नळीवर बसतो आणि पत्र्याला कायमची घडी पडते. दुसऱ्या बाजूला, शॉकर पूर्ण लांब झाल्यावर बॉनेटची मागची कड काचेला किंवा वायपरला लागता कामा नये.

खालचं टोक मडगार्डच्या आतल्या जाड पट्टीवर आणि वरचं टोक बॉनेटच्या आतल्या फ्रेमवर घ्यायचं. बॉनेटच्या वरच्या पातळ पत्र्याला कधीच नाही. बॉनेट बंद असताना शॉकरची रेघ बिजागरीच्या जवळून जाईल अशी रचना सगळ्यात चांगली, कारण तेव्हा शॉकर बॉनेटला फारसं वर ढकलत नाही. वरच्या उदाहरणात बंद स्थितीत ही रेघ बिजागरीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर दाबलेल्या शॉकरचा वाढीव जोर धरूनही २५० च्या आतच भरतो. समोर बॉनेटचा भार १२०० आहे. बॉनेट आपल्या वजनाने शांत बसतं.

शॉकरचा दांडा खाली आणि नळी वर, हा नियम मोडायचा नाही. आतलं तेल खाली सीलपाशी राहिलं तरच सील ओलं राहतं आणि वायू गळत नाही. उलटा बसवलेला शॉकर पहिले काही महिने चांगलाच चालतो, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या गाडीत गंज असतोच. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे काही लावू नका. चांगल्या पत्र्यावरही मागून ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी देऊन नट-बोल्टने कसलेलं काम वेल्डिंगपेक्षा बरं. अशा पट्ट्या आणि ब्रॅकेट तालुक्याच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर पेन्सिलने काढलेल्या चित्रावरून करून देतील. दोन्ही टोकांच्या गोल डोक्याच्या बोल्टांची दिशा बिजागरीच्या पिनेशी समांतर ठेवा. ती तिरकी झाली तर दांडा एका बाजूला घासतो.

ड्रिल मारण्याआधी पलीकडून वायरिंग, ब्रेकचा पाइप किंवा डिझेलचा पाइप जात नाही ना, हात घालून बघा. वेल्डिंग टाळता येत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि शॉकर गाडीपासून लांब ठेवा. ठिणगीचा एक थेंब दांड्यावर बसला तरी सील फाटतं. बसवताना दांडा पक्कडीत धरायचा नाही, त्यावर रंग किंवा ग्रीसही नको.

पहिल्यांदा बॉनेट बंद करताना दोघं असावेत. एकाने हळूहळू खाली दाबायचं, दुसऱ्याने बाजूने बघायचं. मध्येच अडलं तर जोर लावू नका, काहीतरी मापात चुकलंय.

लॉकचं काम आधी

शॉकर लावलेलं बॉनेट थोडं उचललं गेलं की पुढे आपोआप उघडायला लागतं. सोय हीच आणि धोकाही हाच. मुख्य लॉक झिजलेलं असेल आणि रस्त्यात सुटलं, तर पूर्वी पत्रा आधी खडखडून इशारा द्यायचा. शॉकर असेल तर तो लवकर वर येतो, वाऱ्यात सापडतो आणि थेट काचेवर आदळतो. समोरचं काही दिसत नाही. म्हणून शॉकर घेण्याआधी मुख्य लॉक आणि त्याखालचा दुसरा, बोटाने सोडायचा हूक, दोन्ही दुरुस्त करून घ्या. दुसरा हूक नसेल किंवा बांधून ठेवलेला असेल, तर तो नीट होईपर्यंत शॉकर लावू नये. बिजागरीच्या पिना ढिल्या असतील तर त्याही बदला, कारण शॉकर बॉनेटला काचेकडे ढकलत राहतो आणि फट सरकते.

आरटीओचं काय, हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. बॉनेटच्या टेकूची आरसीत नोंद नसते. पण बॉनेट कापणं किंवा त्याचा आकार बदलणं ही वेगळी गोष्ट. आणि 'विंटेज' म्हणून नोंदणी हवी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी, धंद्यात न वापरली जाणारी आणि मूळ रूपातली लागते. अशा गाडीला भोक पाडू नका. आधीच्या भोकांवर बोल्टने बसणारं, पुन्हा काढता येणारं ब्रॅकेट करून घ्या. भाजीची वाहतूक करणारी पस्तीस वर्षांची पिकअप बोलण्यात विंटेज असेल, कायद्यात नाही.

जुनी सळई फेकू नका. शॉकर एका दिवसात मरत नाही. आधी बॉनेट पूर्वीइतकं वर जात नाही, मग वर थांबून हळूच खाली येऊ लागतं, दांड्यावर तेलाचा ओलावा दिसतो. तसं दिसलं की नवी जोडी येईपर्यंत सळई लावूनच वाकायचं. बदलताना दोन्ही एकदम बदला, एक नवा आणि एक जुना ठेवला तर बॉनेट तिरकं ओढलं जातं. काढतानाही बॉनेटला आधी सळईचा किंवा दुसऱ्या माणसाचा आधार द्या.

काढलेला शॉकर कचऱ्याच्या आगीत जाऊ देऊ नका, मुलांच्या हातात देऊ नका. जोर गेलेला वाटला तरी आत दाब शिल्लक असतो. भंगारवाल्याला देताना तो इतर लोखंडात न टाकता वेगळा द्या आणि हा गॅसचा आहे, गॅस कटर किंवा ग्राइंडर लावू नको, असं तोंडाने सांगा.